चित्राखालची पाटी

"व्हेअर इज द लिफ्ट?" म्हणत सिस्टरने बाईंच्या डाव्या डोळ्यात थेंब सोडला.

"प्लीज राहिलं," डोळा घट्ट मिटून बाई म्हणाल्या. "लिफ्ट काय तुझ्या काकांनी बसवलीय? आधी एक्स्क्यूज मी, शेवटी प्लीज. पुन्हा म्हण."

"उजवा डोळा उघडा, मग म्हणते."

गेले दोन महिने सिस्टरची इंग्रजीची शिकवणी अशीच चालली होती. सकाळच्या थेंबांच्या वेळी विमानतळ, दुपारच्या गोळ्यांच्या वेळी हॉटेल आणि संध्याकाळी पाय चोळताना म्युझियम. बाई मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या. शाळेत आणि गल्लीत सगळे त्यांना ड्रॉइंगच्या बाईच म्हणायचे. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचे पडदे मधोमध गेले होते. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, त्याचे कान दिसायचे. वाचन तर संपलंच होतं. म्हणून वाचायला सिस्टर.

सिस्टरला इंग्रजीने दहावीला दोनदा पाडलं होतं. मोठ्या नर्सिंगचं स्वप्न तिथंच विरलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्यात बावीस वर्षं गेली. तिचं खरं नाव ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसच्या रजिस्टरात होतं, तेवढंच. बीपी, सलाईन, ड्रेसिंग हे शब्द तिला पाठ होते. पण सरळ वाक्य म्हणायची वेळ आली की ते अर्ध्यातच तुटायचं.

"स्टिल लाइफ," बाईंनी वहीत लिहायला पुढचा शब्द सांगितला. वही सिस्टरचीच, रेघारेघांची.

"स्टिल म्हणजे अजून ना? अजून जिवंत?"

बाई इतक्या हसल्या की थेंब गालावर ओघळले. "अगं, टेबलावर मांडलेली फळं, सुरई, असलं चित्र. पण तुझा अर्थ मला लागू पडतो बघ."

"आणि हा अनटायटल्ड कोण? तुमच्या त्या चित्रांच्या पुस्तकात दर दोन पानांनी त्याचं चित्र आहे. भारी माणूस दिसतो."

"तो माणूस नाही, बाई माझे. चित्राला नाव दिलं नाही की तसं लिहितात."

या सगळ्या खटाटोपाला कारण एक फोटो होता. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी परदेशात फिरायला गेली होती. तिथल्या एका म्युझियममध्ये तिला भिंतीवर एक चित्र दिसलं, आणि तिने त्याचा फोटो पाठवला. मागच्या अंगणाचा जिना, कठड्यावर वाळत घातलेली चादर, खाली बादलीशी वाकलेली एक मुलगी. 'बाई, हा तुमच्या घराचा जिना ना?' एवढंच तिने लिहिलं होतं. खालची पाटी फोटोत आली नव्हती.

जिना बाईंच्या घराचाच होता, आणि चित्रही बाईंचंच. पण घरातला चित्रकार म्हणून जग ओळखत होतं ते त्यांच्या यजमानांना. त्यांना सगळे साहेब म्हणत. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी फोटो छापले होते. चाळीस वर्षांपूर्वी साहेबांचं तिकडे प्रदर्शन भरलं, तेव्हा एक चित्र कमी पडलं.

"मला म्हणाले, तुझं ते जिन्याचं नेऊ का? म्हटलं, न्या की," बाईंनी सिस्टरला सांगितलं होतं. "मी त्यावर सहीसुद्धा केली नव्हती. आपल्याच भिंतीवर लावायच्या चित्रावर कुणी सही करतं का? परत आले ते म्हणाले, विकलं गेलं, आणि नाव तुझंच लावलंय."

"मग त्या मुलीला विचारायचं ना, खाली कुणाचं नाव आहे म्हणून."

"तिला कशाला विचारायचं? मी स्वतः जाऊन ऐकणार."

पुतण्या आला, त्याने डोक्याला हात लावला. "काकू, तुम्हाला दिसत नाही, या सिस्टरना बोलता येत नाही. तुमची तिकडे वरात निघेल."

"निघू दे," बाई म्हणाल्या. "लग्नातली निघाली होती ती मला आठवतही नाही."

प्रवास झाला तो मात्र झकास. सिस्टरने बाईंसाठी व्हीलचेअर मागितली, ती मिळाली. पाणी मागितलं, तेही मिळालं. प्रत्येक वाक्य लागू पडलं की ती बाईंचा दंड दाबायची. तिकडच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. टूरिझम हा शब्द तिने शंभरदा घोकला होता. ऐन वेळी तोंडून निघालं, "पेंटिंग."

"यू पेंट?" त्याने भुवया उंचावल्या.

"नो, नो. शी." सिस्टरने बाईंकडे बोट दाखवलं. "शी पेंटर."

अधिकारी हसला आणि शिक्का मारला. बाई एखाद्या पाहुण्या राणीसारख्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्युझियममध्ये गेल्या. सिस्टरने व्यवस्थित प्लीज लावून लिफ्ट विचारली. वाटेतल्या पाट्या ती एकेक करून वाचत गेली. नावं तिला झेपत नव्हती. अक्षरं जुळवत, अडखळत, थुंकी गिळत वाचायची, आणि बाई खुर्चीतून दुरुस्त करायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दालनात जिना दिसला.

बाईंनी खुर्ची चित्राला आडवी लावायला सांगितली. मग मान वळवून, जणू दुसरीकडेच बघत असल्यासारखं, डोळ्याच्या कडेने त्या चित्र बघू लागल्या. खालून वर, मग चादरीपाशी.

"निळा टिकलाय," शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं होतं करपला असेल. ती मुलगी म्हणजे आमच्याकडे धुण्याला यायची ती. चित्रासाठी वाकून वाकून तिची पाठ धरली होती. वाच गं."

सिस्टर पाटीजवळ गेली. सवयीने तिने ओठांतल्या ओठांत अक्षरं जुळवली. पहिलं अक्षर बाईंच्या नावाचं नव्हतं. साहेबांचं पूर्ण नाव होतं, त्यापुढे जन्माचं साल, मग मरणाचं. खाली ऑइल ऑन कॅनव्हास.

तिने पुन्हा वाचलं. तेच.

बावीस वर्षांत ती अनेक खाटांशेजारी खोटं बोलली होती. रिपोर्ट चांगला आलाय, मुलगा उद्या पोचतोय, आता दुखणार नाही. ते बोलताना आवाज कसा ठेवायचा हे तिला ठाऊक होतं. तिने बाईंचं पूर्ण नाव म्हटलं. मग ऑइल ऑन कॅनव्हास.

बाईंनी मान हलवली. "सालं किती लिहिलीत?"

"एकच," सिस्टर म्हणाली. "जन्माचं."

"बरोबर. जिवंत माणसाला एकच साल लावतात." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चल. पाय सुजलेत."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत सिस्टर त्यांचे पाय कोमट पाण्यात धरून बसली होती. बाई खिडकीकडे तोंड करून होत्या.

"साहेबांचं नाव आहे ना तिथं?"

सिस्टरचे हात पाण्यातच थांबले.

"आज सकाळपासून तू एकही नाव अडखळल्याशिवाय वाचलं नाहीस," बाई म्हणाल्या. "माझं तेवढं घडाघडा वाचलंस. तेहतीस वर्षं पोरींची कॉपी पकडलीय मी."

"हो बाई. त्यांचंच आहे. माझं चुकलं."

"तुझं कशाला चुकेल? मला माहीत होतं. त्या पोरीला विचारलं नाही ते काय उगाच?" त्यांनी पाय बाहेर काढला, सिस्टरने तो पंच्यात घेतला. बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "पण बरं वाटलं गं. तेवढा वेळ, ऐकायला."

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं होतं. दुपारी बाईंना झोप लागल्यावर सिस्टर एकटीच रस्ता ओलांडून म्युझियममध्ये गेली. हे वाक्य वहीत नव्हतं, त्यामुळे तिने ते चालता चालता स्वतःच जुळवलं. टेबलामागच्या तरुणीला ती म्हणाली, "एक्स्क्यूज मी. थर्ड फ्लोअर. नेम इज राँग. प्लीज."

त्या तरुणीला काही कळेना. तिने आणखी एकाला बोलावलं. दोघांनीही न हसता ऐकून घेतलं, आणि मग एक कागद पुढे केला. सिस्टरने पाऊण तास खर्ची घालून सहा ओळी लिहिल्या. दोन शब्द खोडले. हे चित्र साहेबांचं नाही, त्यांच्या बायकोचं आहे. जिना त्यांच्या घराचा आहे. बाई जिवंत आहेत, त्यांना विचारा. चित्रकाराशी तुमचं नातं काय, असं खाली छापलं होतं. तिने नर्स असं लिहिलं. पत्ता ड्यूटीच्या ऑफिसचा दिला. बाईंना तिने काही सांगितलं नाही. उगाच आस लावायची आणि उत्तरच आलं नाही तर?

परत आल्यावर बाई तीन महिने होत्या. शेवटी शेवटी त्या इंग्रजी शिकवायच्या नाहीत, सिस्टरच जुने शब्द म्हणून दाखवायची आणि त्या मिटल्या डोळ्यांनी हूं म्हणायच्या. एका पहाटे तो हूं आला नाही.

म्युझियमचं पत्र आलं ते त्यानंतर पाच आठवड्यांनी. सिस्टर तेव्हा एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडे लागली होती. त्यांना नाश्ता भरवून तिने ते स्वयंपाकघरात उघडलं. दीड पान वाचायला तिला दोन दिवस लागले, पण वाचलं तिने एकटीनेच. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या पत्राबद्दल आम्ही आभारी आहोत. नुसत्या सांगण्यावरून पाटी बदलता येत नाही. या चित्राचं एखादं कच्चं रेखाटन, पत्र, जुना फोटो असेल तर पाठवा. तोवर तुमचं पत्र चित्राच्या फायलीत ठेवलं आहे. या चित्राचा अभ्यास करणाऱ्याला ते वाचायला मिळेल.

तिने पुतण्याला फोन लावला. बाईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात रेखाटनांच्या वह्या होत्या. तिने स्वतः त्यांच्यावरची धूळ पुसली होती.

"त्या होय?" पुतण्या म्हणाला. "अहो सिस्टर, खोली रिकामी करायची होती. रद्दीवाला सगळं एकदमच घेऊन गेला. का, काही महत्त्वाचं होतं का?"

"होतं," एवढंच ती म्हणाली.

मग आठवडाभर तिने काहीच केलं नाही. आठव्या दिवशी स्टेशनमास्तर दुपारी झोपले तेव्हा ती कागद घेऊन बसली. बाई गेल्या, तिने लिहिलं. वह्या होत्या, त्या मी पाहिल्या होत्या, आता नाहीत. चादरीचा निळा टिकला म्हणून बाईंना आनंद झाला. खाली वाकलेली मुलगी त्यांच्याकडे धुण्याला यायची. हे साहेबांना माहीत नसणार, ते घरी नसायचे. माझ्याकडे दुसरं काही नाही.

पोस्टात तिच्यापुढे दोनच माणसं होती. कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर टाकलं, उलटं केलं आणि काचेखालून परत सरकवलं.

"परदेशी पत्र आहे. पाठवणाऱ्याचं नाव टाका मागे."

"सिस्टर लिहिलंय की."

"असं कसं चालेल? पूर्ण नाव लागतं, बाई. इंग्रजीत."

त्याने दोरीला बांधलेलं पेन दाखवलं. मागच्या माणसाला थोडं थांबायला सांगून सिस्टरने पाकीट काउंटरवर सरळ धरलं आणि एकेक अक्षर सुटं काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.