गुरुलिंगप्पांचं प्रवचन आणि चंद्रव्वाची गोळी

अक्कलकोट रोडवरच्या वृद्धाश्रमात अक्कम्मा नर्स म्हणून आली, तेव्हा सगळ्यांची औषधं जेवणघराच्या खिडकीत असायची. तपकिरी, एकसारख्या बाटल्या. ज्यानं त्यानं आपली ओळखून घ्यायची. तिला ते खटकलं, पण नव्या माणसानं लगेच तोंड कसं उघडायचं?

आठव्या दिवशी, सोमवारी, आश्रमातल्याच गुरुलिंगप्पांचं, सगळ्यांच्या अप्पांचं, प्रवचन होतं. कापडाच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. एकदा बोलायला बसला की आवरायचा नाही. त्या दिवशी मात्र दर पाच मिनिटांनी ते "आलोच!" म्हणून उठायला लागले. चौथ्या खेपेला तर धोतर सावरत पळालेच. म्हाताऱ्या पदराआड हसू लागल्या.

अक्कम्माला हसू आलं नाही. ती खिडकीकडे धावली. चंद्रव्वाच्या बाटलीत एक गोळी कमी होती. पायांच्या सुजेवरची चंद्रव्वाची लघवीची गोळी अप्पांनी रक्तदाबाची म्हणून घेतली होती! डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "थोडक्यात निभावलं. पडून राहू द्या त्यांना." संध्याकाळपर्यंत ती अप्पांची नाडी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी औषधं लोखंडी कपाटात गेली, किल्ली तिच्या कमरेला. गोळ्या डब्यांत भरून प्रत्येक डबीवर तिनं नाव लिहिलं. पण रविवारी तिची सुट्टी, तेव्हा गोळ्या द्यायच्या स्वैपाकीण फुलाबाईनं, आणि तिला अक्षर म्हणून येत नव्हतं.

"मेंढरावर कुनी नाव लिवतं व्हय?" आश्रमातली सांगोल्याकडची मायाक्का म्हणाली. तिची हयात मेंढरांमागं गेलेली. "खूण करत्यात की! गेरू आना."

मग मायाक्कानं प्रत्येकाला गेरूनं खूण काढून दिली. चंद्रव्वाला फूल, तात्याबाला काठी. आपल्या डबीवर आणि खाटेवर, दोन्हीकडे तीच. अप्पांनी नंदी मागितला.

रविवारी अक्कम्माला घरी चैन पडेना. न्हायचं तसंच टाकून ती हळूच आश्रमात येऊन दारात उभी राहिली. फुलाबाई डबीवरची खूण खाटेवरच्या खुणेशी ताडून बरोबर गोळ्या देत होती. अप्पा तेवढे अडून बसले होते.

"हा नंदी न्हाय, बोकड हाय!"

"असंल," मायाक्का म्हणाली, "पर तुमचाच हाय न्हवं? गिळा की!"

अप्पांनी गोळी गिळली. अक्कम्माला हसू आवरेना. ती तशीच मागं वळली आणि न्हायला घरी गेली.