फक्त शेजारच्याकडे बघायचं

“तोंडं बंद! आणि बघायचं ते फक्त उजव्या हाताच्या शेजाऱ्याकडे,” संगणकाच्या बाई म्हणाल्या. लगेच ओळीत उभ्या असलेल्या आठवीच्या सगळ्या मुलांनी इकडेतिकडे बघून घेतलं, दोघी खुदकन हसल्या, आणि मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापकांना हसू लपवण्यासाठी खोकल्याचं सोंग करावं लागलं.

खेळ साधा होता. शेजारचा आपल्यापेक्षा बुटका असेल तर त्याच्याशी जागा बदलायची, नसेल तर गप्प उभं राहायचं. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं जायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत कुणीच हललं नाही, की ओळ उंचीप्रमाणे लागली असं समजायचं. “ए लंबू, तू तिकडे जा” असं कुणी कुणाला सांगायचं नाही. कारण यंत्राला अख्खी ओळ दिसत नाही, एका वेळी दोघंच दिसतात.

भिंतीलगत चांगले धडधाकट संगणक मांडलेले असताना मुलांना उभं कशाला करायचं, असं बाईंना अनेकांनी विचारून पाहिलं होतं. “आधी पायांना कळू दे, बोटांना आपोआप कळतं,” असं बाई म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. हट्टी होत्या. नवऱ्याचं तर म्हणणं होतं, की त्या हट्टीच जन्मल्या, बाई नंतर झाल्या.

आज मात्र त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा चढा लागत होता. संस्थेने शाळेसाठी मोठा पडदा घेतला होता. पुढच्या सत्रापासून त्याच्यावर कुठल्याशा नामांकित सरांचे आधीच चित्रित करून ठेवलेले धडे लावायचे असं घाटत होतं. मग बाईंचं काम उरणार बटण दाबण्यापुरतं, आणि तेवढं शिपाईही करू शकतो. बाईंच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं त्यांना याच खोलीत हवी होती. मुख्याध्यापक आज तास बघायला येऊन बसले, म्हणजे अजून काहीतरी ठरायचं बाकी आहे, एवढ्या आशेवर त्या शिकवत होत्या.

आणि मुख्याध्यापक तरी कोण? अखंड.

हे नाव त्यांना याच खोलीने दिलं होतं. तेव्हा शाळेत नुकते तीन संगणक आले होते. चपला-बूट बाहेर काढून आत यायचं, त्यामुळे खोलीला कायम मोज्यांचा वास. संगणकांवर धूळ बसू नये म्हणून बाईंच्या सासूबाईंनी जुन्या फुलाफुलांच्या पडद्यांच्या खोळी शिवून दिल्या होत्या. “माझं शिलाई मशीन उघडं पडलंय, आणि तुझ्या त्या डब्यांचे काय लाड!” असं पुटपुटत, पण टीप अगदी सरळ. एकेका संगणकाला पाच-सहा मुलं. एक जण टाइप करायचा आणि बाकीच्यांच्या हनुवट्या त्याच्या खांद्यावर. प्रोग्रॅम चालला की असा गलका उठायचा, की पलीकडच्या वर्गातले इतिहासाचे सर येऊन दार आपटून जायचे. बाई तेव्हा नव्या होत्या. मुलांच्या बरोबरीने त्याही ओरडायच्या.

अशात नववीतल्या एका किडकिडीत मुलाने स्वतःचं नाव छापायचा प्रोग्रॅम लिहिला, आणि थांबायचं कधी ते लिहायला विसरला. बाई शिक्षकांच्या बैठकीला गेलेल्या. प्रिंटर कर्रर्र कर्रर्र करत सुटला. तेव्हाचा कागद सलग यायचा, घड्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. आपलं नाव ओळीमागून ओळ बाहेर येताना बघून पोरगा इतका हरखला, की बंद करायचं सोडून दोन्ही हातांनी कागद झेलत उभा राहिला. बाई परतल्या तेव्हा तो गुडघ्यापर्यंत कागदात होता आणि नवाकोरा गठ्ठा निम्मा संपला होता. त्या वेळचे मुख्याध्यापक त्याच्या वडिलांना बोलवायला निघाले. बाईंनी त्याला पाठीशी घातलं. “मागची बाजू कोरी आहे की,” म्हणाल्या. मग वर्षभर सगळ्या वर्गाचे प्रोग्रॅम त्याच कागदांच्या पाठीवर छापले गेले. कुणीही कागद उलटला की मागे हाच. नाव पडलं अखंड.

“सर, तुम्ही पण या ना ओळीत!” दोन वेण्यांच्या एका मुलीने धीर करून म्हटलं, आणि वर्गाने तो धागा पकडला. मुख्याध्यापक उठले, कोट सावरला आणि हसत हसत सरळ ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

“तिथे कशाला गेलात?” बाईंनी विचारलं. मुलांसमोर त्या त्यांना अहो-जाहो करायच्या.

“मीच सगळ्यांत उंच ना, बाई.”

“ते तुम्हाला कसं कळलं? अख्खी ओळ बघितलीत म्हणजे. लबाडी चालणार नाही. सुरुवातीला या.”

वर्ग खिदळला. मुख्याध्यापक निमूटपणे पहिल्या जागेवर आले. शेजारच्या चिमुरड्याकडे बघितलं, जागा बदलली. पुढच्याकडे बघितलं, जागा बदलली. एकेका मुलाला वाट देत, वाट घेत ते शेवटापर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मुख्याध्यापक पार उतरला होता. बाईंना वाटलं, जमलं. आता हा काही तास जाऊ देत नाही.

घंटा झाली. मुलं गेल्यावर मुख्याध्यापकांनी एक खुर्ची पुढे केली. “बसा, बाई.”

“उभीच बरी आहे. सांग.”

“परवाच वरून आलंय. सगळ्या शाळांना एकच धडे. मी दोनदा जाऊन भांडलो. तुमची सोय ग्रंथालयात केलीय.”

बाईंच्या कानशिलांना धग लागली. “परवाच ठरलं? मग आज कशाला येऊन बसलास? माझी परीक्षा घ्यायला?”

“नाही हो.” ते खाली बघत राहिले. “शेवटचं एकदा बसावंसं वाटलं.”

राग धरायला जागाच उरली नाही, याचाच बाईंना राग आला. त्यांनी फळा पुसला. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

“ग्रंथालयात पंखा आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर.”

घरी आल्या तेव्हा नवऱ्याने चेहरा बघूनच टीव्ही बंद केला. “गेला तास,” बाई म्हणाल्या, आणि मग मात्र हुंदके देऊन रडल्या. त्याला समजूत घालता यायची नाही, कधीच आली नव्हती. तो बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, “भात मी लावतो.”

नवं सत्र सुरू झालं. ग्रंथालय संगणकाच्या खोलीला लागूनच होतं. भिंतीपलीकडून पडद्यावरच्या सरांचा आवाज यायचा. आवाज खणखणीत, शब्द न शब्द स्पष्ट, शिकवणंही चांगलं. बाई प्रामाणिकपणे ऐकायच्या. त्यांना खटकायचं ते एवढंच, की मुलांचा आवाज अजिबात यायचा नाही. पुस्तकांना नवे पुठ्ठे घालताना त्यांचे कान त्या शांततेकडेच असायचे.

एका मधल्या सुट्टीत दोन वेण्यांची ती मुलगी दारात आली. मागे आणखी चौघं-पाचजण.

“कुठलं पुस्तक हवंय?”

“पुस्तक नकोय, बाई.” तिने मागच्यांकडे बघितलं. “ते सर छान सांगतात. पण आमचं मध्येच अडतं आणि ते पुढेच जातात.”

“त्यांचं काही चुकत नाही. त्यांना तुम्ही दिसत नाही ना.”

मुलं दारातच घुटमळत राहिली. बाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. वाचनाच्या टेबलाला हात घातला, तसे दोघं धावले. टेबल भिंतीला लागलं आणि मधली फरशी मोकळी झाली.

“कुठपर्यंत कळलं होतं?” बाई म्हणाल्या. “तिथून सांग.”