यादीबाहेरचे आजोबा

ताईने खुर्ची मागे सरकवली, टेबलाखाली वाकून नेटवर्कची वायर खटकन बसवली आणि उठताना गुडघा धरला. धाकटीच्या केबिनमधला कॉम्प्युटर नवा कोरा होता. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलं नव्हतं. ताईने ते कोपऱ्याला धरून सावकाश सोललं आणि चुरगाळून टोपलीत टाकलं.

इस्पितळाचे अकरा सर्व्हर तळघरात होते आणि एकोणीस वर्षं ते ताईच्या ताब्यात होते. कुठे काही अडलं की ती जिने उतरून खाली जायची, गळ्यातल्या किल्लीने दार उघडायची आणि आधी त्या यंत्रावर तळहात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग कीबोर्डला हात. लोक हसायचे. पण जे पडद्यावर तासाभराने दिसायचं ते तिच्या हाताला आधीच कळलेलं असायचं.

आता धाकटी विभागप्रमुख होऊन आली होती आणि पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं होतं, सर्व्हरचा कारभार दुरून चालवायची साधनं माझ्या कॉम्प्युटरवर बसव. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर बसायचं, बोट हलवायचं आणि तळघरात काम व्हायचं. मग तळघरात जाणारीचं काम काय उरलं? हा प्रश्न ताईने कुणाला विचारला नव्हता, कारण उत्तर तिला ठाऊक होतं.

तिला धाकटीचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका. खिडकीजवळची जागा धाकटीची, दुधावरची साय धाकटीची आणि "लहान आहे ती, दे ना" हे आईचं पालुपद. ताईने लवकर नोकरी धरली म्हणून धाकटी पुढे शिकली आणि शिकून आली ती नेमकी ताईच्याच डोक्यावर. ताईही काही गरीब गाय नव्हती म्हणा. लहानपणी ती आपली रंगपेटी गाद्यांच्या थप्पीत लपवायची, बाहुली माळ्यावर टाकायची. धाकटी रडायची नाही, शोधायचीही नाही. पण चार दिवसांत वस्तू बाहेर यायचीच.

साधनांची यादी पडद्यावर आली. ताईने एकेका चौकटीत खूण केली, आवृत्ती जुळते का ते दोनदा तपासलं. राग असला तरी काम उरकून टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. आता एकेका सर्व्हरचं नाव घालायचं, एवढंच बाकी होतं.

दहा नावं घालून झाली आणि तिचं बोट थांबलं. राहिले होते आजोबा. इस्पितळाचा हा पहिला सर्व्हर तिने स्वतः कुशीत धरून तळघरात नेला होता. आता त्यांच्यात फक्त जुने तपासणी अहवाल होते. सावकाश चालायचे, पण बंद कधी पडले नव्हते. सगळं घेतलंस ना, मग एवढं राहू दे माझ्याकडे, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

धाकटी हातात फाईल घेऊन आत आली.

"झालं, ताई?"

"झालं. बघ चालवून."

धाकटी बसली. दहाही नावांपुढे हिरवी खूण होती. तिची नजर वरून खाली गेली आणि शेवटाशी जरा रेंगाळली.

"सगळे आले?"

"आले की." ताई उरलेली वायर गुंडाळू लागली. गुंडाळून झाली तशी तिने ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"बरं झालं. शुक्रवारी भंगारवाला येतोय. या यादीत नाही ते सगळं त्याला द्यायचंय." धाकटीने फाईल उघडून पेनाचं टोपण काढलं. "पक्की यादी तुझ्याशिवाय कोण देणार?"

वायर गुंडाळता गुंडाळता ताईने वर पाहिलं.

"खाली एखादं जुनं यंत्र चालू असलं तर?"

"चालू असतं तर यादीत नसतं का?"

बाहेर कुणीतरी प्रिंटरचं झाकण आपटलं. ताईने वायर टेबलावर ठेवली.

"ऊठ जरा."

धाकटी उठली. ताईने अकरावं नाव घातलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं आणि दोघी बहिणी उभ्या उभ्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"वेळ लागतो त्यांना," ताई म्हणाली. "घाई नाही करायची. सकाळी जरा तापतात. इथे दिसायचं नाही ते."

"मग कळायचं कसं?"

"हात ठेवायचा."

"मला कुठे जमतंय? ते तूच बघ." धाकटी इतक्या सहज म्हणाली की ताईला वळून बघावं लागलं.

हिरवी खूण उमटली. धाकटी खुर्चीत बसली आणि माऊसला जागा करायला तिने उघडी फाईल बाजूला सारली. तिच्यात रजेचे अर्ज होते. ताईने वरचा उचलून पाहिला, खालचा पाहिला. सगळे रजेचेच.

"शुक्रवारी किती वाजता येणारे तो भंगारवाला?"

"कोणता भंगारवाला?" धाकटीने पडद्यावरून नजर काढली नाही.

ताई तशीच उभी राहिली. माळ्याखाली उभी राहून, स्वयंपाकघराकडे तोंड करून, "आई, भंगारवाला आलाय गं, माळ्यावरचं द्यायचंय का?" असं खणखणीत आवाजात विचारणारी सात वर्षांची कारटी तिला दिसली. आणि धडपडत शिडी चढणारी आपणही दिसलो. दरवेळी तेच.

"मुलखाची लबाड आहेस," ती म्हणाली.

"ताई, दार लावून घे जाताना."

ताईने दार लावलं, जरा जोरातच. मग गळ्यातली किल्ली चाचपत ती जिन्याकडे वळली. सकाळची वेळ होती, आजोबा तापले असणार.