नाव नसलेली चिठ्ठी

प्रार्थनापेटीतली ती चिठ्ठी आपल्याच नवऱ्याची आहे, हे तिला एकोणीस दिवस कळलं नाही. आणि त्या एकोणीस दिवसांत तिने त्या चिठ्ठीतल्या माणसासाठी मनापासून प्रार्थना केली. एक दिवस चुकवला नाही.

तिचा नेमच तसा होता. सकाळी सहा ते सात हा तास प्रभूचा. मुलगी तान्ही असताना तापाने फणफणली होती, तेव्हा तिने हा तास बोलून दिला होता. आता ती मुलगी लग्न होऊन परगावी गेली, तरी नेम मोडला नव्हता. सहाच्या ठोक्याला ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा दार लागलं की घराला आग लागली तरी ते वाजवायचं नाही, असा घरचा कायदा होता. मंडळीतले लोक चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत आपापलं दुखणं लिहून टाकत. रविवारी ती पेटी रिकामी करून चिठ्ठ्या घरी आणायची आणि रोज एकेक चिठ्ठी हातात धरून त्या माणसासाठी मागायची. ‘बरं वाटलं’ असा निरोप येईपर्यंत चिठ्ठी टाकून देत नसे. लोक तिला प्रार्थनाताई म्हणत. नवरा म्हणे, “आमच्या सरकारचं ऑफिस उघडलं!”

नवरा पुस्तकं बांधायचा, म्हणून त्याला सगळे बाइंडरच म्हणत. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळेच्या वह्या, चर्चची पानं सुटलेली गीतपुस्तकं. कापताना उरलेल्या कागदाच्या पट्ट्या तोच पेटीशेजारी ठेवायला द्यायचा. मंडळीतल्या सगळ्यांची दुखणी त्याच्याच कागदावर लिहिलेली, मग कागदावरून काय कळणार? आणि अक्षर तर त्याचं नव्हतंच.

चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘एका माणसाच्या छातीत दुखतं. डाव्या हातात कळ येते. बायकोला सांगितलेलं नाही. प्रार्थना करावी.’

वाचून ती कळवळली. आणि खरं सांगायचं तर थोडी चिडलीही. कसली बाई म्हणायची ही! एका छपराखाली राहायचं, रोज त्याला ताट वाढायचं, आणि त्याला कळ येते ते दिसू नये? तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “प्रभू, ह्या माणसाला बरं कर. आणि त्याच्या बायकोला जरा शुद्धीवर आण.” दुसऱ्या दिवशी तिला आपलेच शब्द कडक वाटले. मग ती म्हणू लागली, “तिला दिसू दे.” पण मागणं तेच.

त्या वेळी दाराबाहेर बाइंडर आपला आपण चहा करून घेत असे आणि पावणेसातला दुकानाची वाट धरत असे. संध्याकाळी तो परतायचा तेव्हा ती कुणा आजाऱ्याला भेटायला गेलेली असायची. दोघांची गाठ पडायची ती जेवताना.

“नवीन कुणी गिऱ्हाईक?” तो विचारायचा.

“अहो, ते गुप्त असतं.”

“नाव कुठे विचारतोय?”

एकदा तिच्याच्याने राहवलं नाही. “एक आहे बिचारा. एवढं छातीत दुखतंय आणि बायकोला बोलत नाही.”

“बायको कामात असेल.”

“असलं कसलं मेलं काम!”

“मोठं काम असेल गं,” बाइंडर म्हणाला आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला.

बाराव्या दिवशी साडेसहाच्या सुमाराला त्याच्या चपला दाराशी येऊन थांबल्या. तिने ऐकलं. तिच्या हातात कुणाच्या तरी गुडघ्यांची चिठ्ठी होती. बाहेरून अगदी हळू आवाज आला, “अगं...” काडेपेटी सापडत नसेल, असं तिला वाटलं. तिने डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने चपला निघून गेल्या.

विसाव्या दिवशी दुपारी दुकानात पुस्तकं दाबायच्या प्रेसचं चाक आवळता आवळता बाइंडर खाली बसला, तो उठलाच नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्याने त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं आणि तिला निरोप धाडला.

ती धावत पोचली तेव्हा इस्त्रीवाला वॉर्डाबाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. “वहिनी, मी सांगत होतो त्याला. चिठ्ठ्या कसल्या लिहितोस, घरी जाऊन बोल. तर म्हणे, माझं अक्षर ती ओळखेल, तूच लिही. लिहिली मग मी, इस्त्रीच्या टेबलावर.”

“कसली चिठ्ठी?”

त्याने सांगितली. शब्दन् शब्द तोच. ती त्याच्या शेजारी टेकली. डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा येईना. कानात आपलंच वाक्य वाजत राहिलं, कसली बाई म्हणायची ही.

डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. दहा मिनिटं आत जा म्हणाले. बाइंडर जागा होता.

“मला का नाही हो सांगितलंत?”

“सांगणार होतो. दाराशी आलो होतो एकदा.”

“मग वाजवायचं ना दार!”

“इतकी वर्षं नाही वाजवलं. आता पित्त उठलं म्हणून वाजवू? मला पित्तच वाटत होतं आधी.” तो दम खात म्हणाला, “आणि चिठ्ठी टाकली की काळजी नाही. चिठ्ठीतल्या माणसाला तू कधी विसरत नाहीस.”

एखाद्या कारागिराच्या हाताची तारीफ करावी तसं तो बोलला. आवाजात तक्रार असती तर तिला बरं वाटलं असतं.

“काय मागायचीस माझ्यासाठी?”

“बरं कर म्हणायची.”

“आणि?”

तिने पदर तोंडाशी धरला. “त्याच्या बायकोला दिसू दे म्हणायची.”

तो हसला. हसताना दुखलं असावं, कारण नर्सने वळून पाहिलं. “मग ऐकलं की देवाने. जरा उशीर झाला. त्यालाही कामं असतील.”

“अहो, पुरे आता. बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याजवळच होती. मुलगी गाडीत बसल्याचा निरोप आला होता. सहाला नर्स म्हणाली, “ताई, बाहेर बसा थोडा वेळ. तुमची प्रार्थनाही होईल शांतपणे.”

“नको,” ती म्हणाली. “मी इथेच बसते.”

तिने त्याचा हात हातात घेतला. नखांत वाळलेली खळ होती. डाव्या दंडावर एक जुना व्रण होता, तो कधीचा ते तिला आठवेना. ओठ आपोआप ‘प्रभू’ म्हणाले, पण पुढचं मागणं सुचेना. डोळे मिटायची तर तिला भीतीच वाटत होती. तेवढ्यात काही राहून गेलं तर?

ती त्याच्या छातीकडे बघत राहिली. वर, खाली. मध्ये लांब थांबणं. पुन्हा वर.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी छाती खाली गेली ती वर आली नाही. नर्स आली, तिने मनगट चाचपलं, आणि पडदा ओढून घेतला.

पडद्याआड ती सात वाजेपर्यंत त्याच्याकडे तशीच बघत बसली.