दोन दातूंमधली वालिदा

मी वालिदा बोलतेय. उठून उभे राहू नका, मानही वाकवू नका. वाकलेल्या माना मी पुष्कळ पाहिल्यात. त्यातल्या बऱ्याच पुढे तुटल्याही.

मी म्हणजे मागावरची लाकडी पट्टी. दोन हात लांब, तलवारीसारखी निमुळती, ताडाच्या काळ्या गाभ्यातून तासलेली. बाणा, म्हणजे आडवा धागा, भरला की मला खाडकन् ठोकायचं, मग वीण घट्ट बसते. सुलावेसी बेटावरच्या तळ्याकाठी आमच्या बुगी पुरुषांच्या कमरेला सुरा असतो, बाईच्या हातात वालिदा. माझी मालकीण म्हातारी दातू, म्हणजे आमची राणी. तळ्याच्या दोन्ही काठांवर तिचं राज्य, आणि दरबार भरला तरी ती मागावरून उठत नसे. कोणी खोटं बोलू लागला की मला अशी आपटायची, की त्याची जीभ टाळूलाच चिकटावी.

तिच्या दोन नाती. थोरली तेन्रीलेले, ऊठ म्हणेपर्यंत मागावरून न उठणारी. धाकटी पांचाई, उतर म्हणेपर्यंत घोड्यावरून न उतरणारी. पांचाईचा धागा दर चार बोटांवर तुटायचा आणि आजी माझ्याच पाठीनं तिच्या बोटांवर मारायची. मला ते आवडत नसे. पण मला विचारतंय कोण!

आजी गेली. पूर्वेचं लोम्पेंग थोरलीकडे आलं, पश्चिमेचं तासोना धाकटीकडे. दोघीही दातू झाल्या. राज्यं दोन, मी मात्र एकच. तेव्हा बिस्सूंनी, म्हणजे आमच्या पुजाऱ्यांनी, निकाल दिला, "राज्य वालिदा करते. दातू नुसती तिची राखण करते." म्हणजे मी जिच्या घरी ती वरची, आणि दुसरीनं दरवर्षी येऊन माझ्यापुढे वाकायचं. मला लाल रेशमात गुंडाळून लोम्पेंगच्या माळ्यावर चढवलं. सूत लागलं नाही की माझं लाकूड आतून वाळतं, हे त्या शहाण्यांना कोणी सांगावं?

वर्षातून एकदा तळ्याच्या मध्यावर मला स्नान घालत. वाकायला आलेलीनं मला हातात धरून पाणी घालायचं, अशी रीत. मला रेशमातून काढल्यापासून परत गुंडाळेपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही. आवाज झाला तर माझ्यातलं दैवत उडून जातं आणि मागे लाकूड उरतं, असं बिस्सू सांगत.

तिसऱ्या वर्षी पांचाई आली. तिनं मला हातात घेतलं, एक पाऊल मागे सरली, स्वतःच्या होडीत उतरली, आणि आधीच ठरल्याप्रमाणे तिची वल्ही चालू झाली.

शेकडो होड्या, हजारो माणसं, आणि एक हाक नाही! हुकुमाशिवाय वल्हं हलत नाही, आणि हुकूम द्यायचा तर बोलावं लागतं. तेन्रीलेलेचं तोंड उघडलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं ते दाबून धरलं. ती ओरडली असती तर मी दैवत उरले नसते, आणि ती दातू.

मग अकरा वर्षं मी तासोनात. लोम्पेंगनं वाकायला नकार दिला. पूर्वेकडून निरोप आला, "चोरटीला सांगा, वालिदा उशाशी घेऊन विणता येत नाही." पश्चिमेकडून उत्तर गेलं, "ताईला सांगा, तुला विणता येतं ना? मग राज्य कसं उसवलं?" दोन लढाया झाल्या. मेलेल्यांची नावं माझ्यापुढे वाचली. माझ्यासाठी मेले म्हणे. मी कुणाला मर म्हटलं नव्हतं.

आणि पांचाई? रोज सकाळी माझ्यापुढे बसायची, बोटं चोळायची आणि पुटपुटायची, "आजी, आता तरी म्हण की, पांचाई बरी आहे म्हणून."

शेवटी तिनं पूर्वेच्या लोकांना तळं बंद केलं. जाळं टाकलं की होडी जप्त. त्यातच भात बुडाला. लोम्पेंगची पोरं कमळाची मुळं उकडून खाऊ लागली, तेव्हा तेन्रीलेले वाकायला आली. ती वाकली की तळं उघडणार, असं ठरलं होतं.

"उशीर केलास, ताई," पांचाई धक्क्यावर म्हणाली.

"वाकायला वेळ लागतो. कंबर म्हातारी झाली."

"धरायला माणसं ठेवलीत."

"धरायला, की पकडायला?"

होडीत चढताना तेन्रीलेलेचा नावाडी तिच्या कानाशी लागला, "दातू, नुसती मान हलवा. पुढचं आम्ही बघतो."

तळ्याच्या मध्यावर रेशीम सुटलं, सगळे गप्प झाले. तेन्रीलेलेनं मला हातात घेतलं. आजीच्या अंगठ्यानं माझ्या मुठीत खळगा पडलाय, तिचा अंगठा नेमका तिथे बसला. नावाडी तिच्या मानेकडे बघत होता. समोर पांचाईनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला होता. तिलाही आता ओरडता येत नव्हतं.

आणि तेन्रीलेले ओरडली.

"पांचाई! ही आजीची पट्टी आहे गं! नुसती पट्टी!"

थोरले बिस्सू होडीतच कोसळले. माझ्यातून काही उडालं का? खरं सांगते, उडण्याजोगं काही नव्हतंच. बगळे तेवढे उडाले.

पांचाईनं तोंडावरचा हात काढला. "हे त्याच दिवशी ओरडली असतीस तर?"

"तेव्हा मला राज्य हवं होतं."

"आणि आता?"

"आता मासे हवेत. पोरं उपाशी आहेत."

मग पांचाई म्हणाली, "जाळी टाका. आणि पट्टी तू ने. मला विणता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

त्यांचं गूळपीठ जमलं असं समजू नका. दोघी मरेपर्यंत बांधावरून भांडल्या. पण स्वतःच्या तोंडानं भांडल्या, माझ्या नावानं नाही.

पुढे मी हातोहात फिरले. आज मी तळ्यावरच्या तरंगत्या घरात आहे, साबारिया नावाच्या विणकरणीकडे. माझी धार झिजली, टोकाला चीर गेलीय. मला काचेच्या पेटीत ठेवायला मागणारी माणसं येतात. साबारिया म्हणते, "आधी हे लुगडं होऊ द्या." शहाणी बाई!

मी मोडले की मला खुशाल चुलीत घाला, भात तरी शिजेल. रेशमात मात्र गुंडाळू नका. आणि जिच्यापुढे तोंड उघडायची बंदी आहे अशी एखादी वस्तू दिसली, तर तिच्यापुढे एकदा ओरडून बघा. फार तर बगळे उडतील.