घरातली तक्रार

शहराचं मैलापाणी उपसणारं पंपिंग स्टेशन आणि त्याची इंजिनियर राहायची ती इमारत यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. त्यामुळे वासाची पहिली तक्रार तिच्या सासूबाईंनीच केली, यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल हे की, त्यांनी ती स्वयंपाकघरात न करता ऑफिसच्या फोनवर केली. घरात बोललेलं हवेत विरून जातं, ऑफिसात त्याची नोंद होते, असं त्यांचं म्हणणं होतं. सुनेनेही इतरांच्या तक्रारींसारखीच नोंद केली आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरायला बसली.

तक्रार खरीच होती. स्टेशनात मैलापाणी साठवणाऱ्या विहिरीत पाणी पडताना घाण वायू उसळायचा आणि वारा फिरला की इमारतीतल्या खिडक्या पटापट बंद व्हायच्या. वरिष्ठांनी सुगंधी फवारे सुचवले. त्याने नुसता वासावर वास चढेल, म्हणत ती त्या वाटेला गेली नाही. विहिरीवर झाकणं बसवली, आतली हवा पंख्याने ओढून लाकडाच्या ओल्या ढलप्यांच्या जाड थरातून सोडली. त्या ढलप्यांवर वाढणारे जंतू वायू खाऊन टाकतात. महिन्याभरात खिडक्या उघडल्या. शेजारीपाजारी जिन्यात थांबून तिच्याशी बोलायला लागले.

सासूबाईंचे फोन मात्र थांबले नाहीत.

नवऱ्याने हात टेकले. आईच्या नाकात वास बसलाय, त्याला तू काय करणार, असं तो म्हणाला. तिलाही ते पटत आलं होतं. तरी एका दुपारी ती वायू मोजायचं यंत्र घेऊन घरी आली. दारात आकडा शून्य, गॅलरीत शून्य. सासूबाईंच्या खोलीत तो हलला आणि आतल्या न्हाणीघराच्या बंद दाराशी चढला.

सासरे त्या न्हाणीघरात पडले होते, ते उठले नाहीत. तेव्हापासून दाराला कुलूप होतं आणि घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

"ते दार राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

तिने यंत्र बंद केलं आणि पुन्हा कामावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना सासूबाईंनी ओट्यावर किल्ली ठेवली. तूच उघड, म्हणाल्या, आणि तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

आत दोरीवर टॉवेल कडक होऊन लटकला होता. साबणाला चिरा गेल्या होत्या. वास मात्र ओळखीचा, थेट गटाराचा. तिने बादलीभर पाणी आणून जाळीत ओतलं.

"या जाळीखाली पाइपला बाक असतो, आई. त्यात पाणी साठलेलं असलं की गटारातली हवा वर येत नाही. इथलं पाणी वाळून गेलं होतं."

"वापर नाही म्हणून?"

"हो."

सासूबाईंनी टॉवेल काढला, घडी घालायला गेल्या. ती नीट बसेना, तेव्हा तसाच छातीशी धरला.

"म्हणजे मी तुला उगाचच बोल लावला."

"उगाच नाही. बाहेरचा वास होताच की. तो गेला, म्हणून हा उरलेला कळला."

"मग आता रोज पाणी ओतायचं का इथे?"

"आठवड्यातून तांब्याभर ओतलं तरी पुरे. नाहीतर वापरायचं."

तिला उशीर होत होता. ती खिडकी उघडून निघाली.

पुढचे काही दिवस दार नुसतं लोटलेलं असायचं. नवरा तिथून जाताना पावलं उचलून जायचा. मग एका सकाळी ती नेहमीसारखी दुसऱ्या न्हाणीघराबाहेर, नवरा कधी बाहेर येतो याची वाट बघत उभी होती. सासूबाई आपल्या खोलीतून ओले केस पुसत आल्या.

"आतला गीझर चालत नाहीये," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी बोलावून दाखव. थंड पाण्याने किती दिवस करू अंघोळ?"