घरचाच सोफा

कुशनमास्तरांनी आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. लोकांचे सोफे उसवायचे, आतला दबलेला फोम काढून नवा भरायचा आणि वरून पुन्हा शिवून द्यायचे, एवढंच त्यांना येत होतं आणि ते उत्तम येत होतं. पूर्वी हाताखाली असलेला कारागीर मास्तर म्हणायचा, म्हणून गल्ली मास्तर म्हणू लागली आणि त्यांच्या बायकोला बसल्या जागी मास्तरीणबाईंचं पद मिळालं. ते त्या मनापासून सांभाळत. घरात काही नसलं तरी चालेल, पण ते नाही हे कुणाला दिसता कामा नये, असा त्यांचा बाणा होता. खरं सांगायचं तर निम्मं कर्ज ह्या बाण्यानंच करून ठेवलं होतं.

उरलेलं निम्मं कर्ज चामडं शिवायच्या मशीनचं. मशीनचा हप्ता चुकला म्हणून दुसरं कर्ज, त्याचा हप्ता भरायला कार्ड, आणि ते कार्ड भरायला आणखी एक कार्ड. फोनची धास्ती वाटायला लागली तेव्हा मास्तर मोफत सल्ला देणाऱ्या कचेरीत जाऊन बसले. तिथल्या सल्लागार बाईंनी कपाळाला आठी न घालता तीन वाटा सांगितल्या. सगळी कर्जं एकत्र करून एकच लांबलचक हप्ता घ्यायचा, नाहीतर ज्यांचं देणं आहे त्यांना गाठून तडजोड करायची, आणि अगदीच काही जमलं नाही तर नादारीचा अर्ज. मास्तरांची कमाई ऐकल्यावर पहिल्या दोन वाटा बाईंनी स्वतःच खोडल्या. नादारी मंजूर झाली तर कर्ज पुसलं जाणार होतं, शिवाय धंद्याचं साधन म्हणून मशीनही मास्तरांकडेच राहणार होतं. नामंजूर झाली तर मशीन जाणार, आणि मशीन गेल्यावर मास्तरांच्या हातात नुसती हातोडी उरणार. अट एवढीच की अर्जात घरातली चीजवस्तू खरी लिहायची. मग नादारीच्या कचेरीतला एक साहेब घर बघून जाईल.

"घर आहे तसंच दाखवा," सल्लागार बाईंनी निघताना बजावलं.

मास्तरांनी अर्जात लिहिलं, बैठकीचं सामान नाही. ते खरंच होतं. घरचा सोफा, मास्तरांनी लग्नानंतर स्वतः बनवलेला, दोन वर्षांपूर्वीच विकला होता. उरली होती प्लास्टिकची एक खुर्ची, तिचाही एक पाय चिरलेला. पण साहेब येणार त्या सकाळी मास्तर बँकेत कागद आणायला गेले आणि मास्तरीणबाईंची नजर त्या खुर्चीवर गेली. परका माणूस पहिल्यांदा घरात येणार, आणि त्याला टेकायला धड जागा नाही? हे काही त्यांच्या मनाला पटेना. घराखालीच मास्तरांचा गाळा होता. तिथे दातांच्या डॉक्टरांचा तीन माणसं बसतील एवढा चामड्याचा सोफा तयार होऊन आठ महिने पडून होता. डॉक्टरच म्हणाले होते, सावकाश नेईन, मला घाई नाही. बाईंनी हमाल बोलावला, सोफा वर आणवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि मागे उभं राहून बघितला. खूप दिवसांनी खोली खोलीसारखी दिसली. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

साहेब आला, तो कंबरदुखीनं वाकलेला. सोफ्यावर बसताच त्याचा चेहरा सैल पडला. चहा पिता पिता त्यानं सोफ्याच्या हातावरून हात फिरवला, शिवण पाहिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "छान आहे. घरचाच?"

आता इथे गप्प बसता आलं असतं. पण कौतुक झालं की मास्तरीणबाईंना गप्प बसणं जमत नसे.

"हो, घरचाच," त्या म्हणाल्या.

साहेबानं कप खाली ठेवला, फाइल उघडली आणि लिहिलं: चामड्याचा सोफा, तीन आसनी, उत्तम स्थितीत. मग अर्जातली 'बैठकीचं सामान नाही' ही ओळ बोटानं दाखवली. तेवढ्यात मास्तर दारात आले आणि सोफा बघून तिथेच थिजले. त्यांनी परोपरीनं सांगितलं की हा गिऱ्हाइकाचा माल आहे. साहेब शांतपणे म्हणाला की वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पाहिलेली प्रत्येक चांगली वस्तू दुसऱ्याचीच निघाली आहे. आठवड्याच्या आत मालकाकडून लिहून आणा. नाहीतर माल लपवला म्हणून अर्ज फेटाळायची शिफारस करावी लागेल.

तो गेल्यावर मास्तर बँकेतून आणलेले कागद एकावर एक नीट लावत बसले. ओरडले असते तर बाईंना परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. गिऱ्हाइकाला आपल्या नादारीची गोष्ट सांगायची म्हणजे मास्तरांची जीभ रेटेना. शेवटी बाईंनीच सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या चुकीसकट. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि विचारलं, "कुठला सोफा?"

मास्तरांना वाटलं, विसरले असतील. बाईंना तसं वाटलं नाही. बाहेर पेशंट प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले त्यांनी येतानाच पाहिले होते. आता टेबलावर त्यांना एक तपकिरी फाइल दिसली. तिच्यावर नादारीच्या त्याच कचेरीचा शिक्का होता, आणि कोपऱ्यात त्याच साहेबाची सही. डॉक्टरांचंही दिवाळं वाजलं होतं. सोफा दुरुस्तीला नव्हे, लपायला आला होता.

"मास्तर," डॉक्टर खाली बघत म्हणाले, "तो माझा म्हटला तर मी बुडतो."

घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गाळ्यातल्या पावती-पुस्तकात डॉक्टरांची सही आहे. ती नेऊन दाखवली की सुटलो. मास्तरांनी पुस्तक कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. गिऱ्हाईक आहे, आणि आपल्यासारखंच गळ्यापर्यंत बुडालेलं आहे, म्हणाले. त्याच्या डोक्यावर पाय ठेवून मला वर यायचं नाही. बाईंना इतका संताप आला की हा माणूस बुडतो तरी किती सभ्यपणे, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना आठवलं की ह्याला बुडवायला आणलं कुणी.

मुदत संपायच्या दिवशी त्या एकट्याच कचेरीत गेल्या. पावती नेली नाही. साहेबासमोर उभ्या राहून त्यांनी सांगितलं की मालकाचं नाव मी देणार नाही, पण सोफा आमचा नाही. तुम्ही येणार म्हणून मला लाज वाटली, म्हणून मी तो वर आणवला. अर्ज खरा आहे, खोटं मी बोलले. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, त्यांचं मशीन नेऊ नका.

साहेबानं चष्मा काढून पुसला. मग ढिगातून तशीच एक तपकिरी फाइल ओढून त्यांच्यापुढे उघडी केली. डॉक्टरांनी आपलं एकूण एक देणं लिहून काढलं होतं, म्हणजे सगळं एकदम पुसलं जावं. घरभाडं, औषधांचं बिल, वीज. आणि बाविसाव्या ओळीत: कुशनमास्तर, तीन आसनी सोफ्याची दुरुस्ती, मजुरी बाकी.

"सोफा लपवला, पण मजुरी बुडवायचा मोह आवरला नाही," साहेब म्हणाला. "हे मी कालच पाहिलं. तुम्ही काय सांगता, ते ऐकायचं होतं."

सोफा डॉक्टरांच्या यादीत गेला आणि हमाल तो घेऊन गेले. बाईंना डॉक्टरांचं वाईट वाटलं, पण फार वेळ नाही, कारण मजुरी बुडाली ती बुडालीच. तसं पत्र रीतसर आलं. माल नेताना मजुरी घ्यायची मास्तरांची पद्धत होती, आणि हा माल सरकारनं नेला होता. पत्रात मास्तरांना 'धनको', म्हणजे ज्याचं देणं लागतं तो, असं म्हटलं होतं. एवढ्या वर्षांत पत्रानं त्यांना मान दिला तो असा.

नादारी मंजूर करण्यापूर्वी साहेब पुन्हा एकदा घर बघायला आला. खोली रिकामी होती. बाईंनी ती झाडून ठेवली होती, बाकी काही केलं नव्हतं. साहेब कंबरेवर हात ठेवून कुठे टेकावं ते शोधत राहिला. बाईंनी चिरलेल्या पायाची खुर्ची भिंतीला लावून पुढे केली आणि हातानं नीट धरून ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "घरचीच आहे."